उद्याच्या पाळण्याचे पैसे आजच्या तिकिटात का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही निपाणीला राहतो. दोन मुले, सासूबाई आणि आम्ही दोघे अशा पाच जणांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मोठ्या थीम पार्कला जाण्याचे गेल्या वर्षीच ठरवले होते आणि त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला ठेवत आलो होतो. आता चौकशी केली, तर तिकीट बरेच वाढलेले आढळले. कारण विचारले, तेव्हा फोनवर सांगण्यात आले की नवीन राइड्सचे बांधकाम सुरू आहे, दोन-तीन वर्षांत पार्क खूप मोठे होणार आहे आणि त्यामुळे दर वाढवावे लागले. माझे यजमान म्हणतात की मोठे व्हायचे तर पैसा लागणारच. मला मात्र हे पटत नाही. जी राइड अजून उभीच नाही, तिचे पैसे आम्ही आज का द्यायचे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, आपल्या शंकेत तथ्य आहे, आणि आपल्या यजमानांचे म्हणणेही पूर्णपणे चुकीचे नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात, कारण ‘विस्तार’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे खर्च दडलेले असतात. ते आधी सुटे करून पाहू.

पहिला खर्च झिजेचा. राइडची चाके, बेअरिंग, ब्रेक आणि सुरक्षा-पट्टे सतत झिजत असतात. दररोज सकाळी दरवाजे उघडण्यापूर्वी प्रत्येक राइड रिकामी फिरवून तपासावी लागते, ठरावीक काळाने तिचे सांधे उघडून पाहावे लागतात आणि मोठ्या राइड्सचे सुटे भाग बहुधा परदेशातून आणावे लागतात. पाण्याच्या खेळांमध्ये गाळणी, क्लोरीन आणि पंपांची वीज यांचा खर्च चालूच असतो. पार्कमध्ये पाचशे माणसे आली काय किंवा पाच हजार आली काय, हा खर्च फारसा बदलत नाही, आणि पावसाळ्यात गर्दी ओसरली तरी तो थांबत नाही. हा खर्च आजच्या तिकिटात असलाच पाहिजे. आपण ज्या पाळण्यात मुलांना बसवणार, त्याच्या प्रत्येक बोल्टची तपासणी व्हावी असे आपल्यालाच वाटणार. त्याचप्रमाणे, वीस वर्षे चाललेली राइड काढून तिच्या जागी दुसरी बसवायची असेल, तर तिच्या झिजेपोटी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला पडणेही रास्तच आहे. आपण आज ज्या राइड्सवर बसतो, त्यांच्यासाठीही आपल्याआधी येऊन गेलेल्यांनी अशी रक्कम दिलेली असते.

दुसरा खर्च त्याच पार्कमध्ये नव्याने भर घालण्याचा. तिसरा खर्च दुसऱ्याच शहरात नवे पार्क उभारण्याचा. या दोहोंचा आजच्या पाहुण्याशी असलेला संबंध उत्तरोत्तर पातळ होत जातो, आणि तिसऱ्याच्या बाबतीत तो जवळजवळ उरतच नाही.

अशा उभारणीसाठी पैसा उभा करण्याचे रस्ते ठरलेले आहेत. मालक भांडवल घालतो, भागधारकांकडून पैसा घेतो किंवा कर्ज काढतो. वंडरला या कंपनीचे कोचीचे पार्क 2000 साली आणि बेंगळुरूजवळचे 2005 साली सुरू झाले. हैदराबादचे पार्क उभारायचे ठरल्यावर कंपनीने 2014 मध्ये बाजारात समभाग विक्रीला काढले आणि 2016 मध्ये ते पार्क सुरू झाले. मला हा मार्ग सरळ वाटतो. ज्याला वाढीत नफा दिसतो, त्याने जोखीम घ्यावी आणि नफा झाला तर तो त्याने घ्यावा. तिकीट काढणाऱ्याला लाभांश मिळत नाही, मग वाढीची जोखीम तेवढी त्याच्या खिशातून का जावी?

कर्जाचा रस्ता किती निसरडा असतो, हे आपल्याकडच्या लोकांनी जवळून पाहिले आहे. खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 मध्ये मोठ्या थाटात सुरू झाले. बेळगाव-निपाणी भागातून तिकडे जाणाऱ्यांची संख्याही कमी नव्हती. 2015 मध्ये कंपनीने समभाग विकून काही कर्ज फेडले, तरीही कर्जाचा भार पेलवला नाही, आणि अखेर 2022 मध्ये पार्क मलपाणी समूहाच्या ताब्यात गेले. मोठ्या योजना आखल्या म्हणून माणसे त्या प्रमाणात येतातच असे नाही, आणि माणसे आली नाहीत तरी कर्जाचे हप्ते भरावेच लागतात. म्हणून ‘आम्ही मोठे होणार आहोत’ हे वाक्य ऐकून पैसे देणाऱ्याने ती योजना पार पडेल असे गृहीत धरू नये.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. तिकिटाचा दर खर्चावरून ठरतो, हा समजच बहुतांशी चुकीचा आहे. लोक किती देतील, यावरून तो ठरतो. अमेरिकेतील डिस्नेलँडचे उदाहरण घ्या. तेथे दिवसागणिक वेगळा दर असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये तेथील सर्वांत गर्दीच्या दिवसाचे तिकीट 206 डॉलर झाले, परंतु सर्वांत कमी गर्दीच्या दिवसाचे तिकीट 2019 पासून होते तेवढेच, म्हणजे 104 डॉलरवर राहिले. त्याच कंपनीने 2023 मध्ये दहा वर्षांत सुमारे 60 अब्ज डॉलर पार्क आणि पर्यटन-जहाजांमध्ये गुंतवण्याचे जाहीर केले होते. दरवाढ जर खरोखर या गुंतवणुकीसाठी असती, तर ती सर्वांत कमी गर्दीच्या दिवशी येणाऱ्यालाही लागू झाली असती. ती त्या दिवसांना लागू झाली नाही, यावरून तिचे मूळ मागणीत आहे हे दिसते. आपल्याकडेही शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दर वेगळे असतात, त्यामागचे कारण हेच आहे. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु मागणी आहे म्हणून दर वाढवायचा आणि कारण मात्र विस्ताराचे सांगायचे, हे प्रामाणिकपणाचे नव्हे, आणि आपल्याला जे खटकले ते बहुधा हेच असावे.

आपल्या भागातील जत्रांमध्ये हा प्रश्न कधी उद्भवला नाही. महालक्ष्मीच्या यात्रेत पाळणेवाला येतो, ज्या पाळण्यात बसायचे त्याचे पैसे आपण देतो आणि पुढच्या वर्षी तो आणखी मोठा पाळणा घेऊन आला, तर त्याचे पैसे पुढच्या वर्षी बसणारा देतो. डिस्नेलँड 1955 मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथेही प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे अशीच रीत होती, आणि पुढे बरीच वर्षे राइडनुसार कुपने असत. ती पद्धत 1982 मध्ये बंद झाली. एकच तिकीट काढून दिवसभर हवे तितके खेळण्याची सोय मोठी आहे, पण त्यात आपण नेमके कशाचे पैसे देतो हे दिसेनासे झाले.

म्हणून दर रास्त आहे की नाही हे ठरवण्यासाठी माझी सूचना अशी की, तिकिटाची रक्कम दिवसभरात प्रत्यक्ष किती राइड्स होतील त्या संख्येने भागावी. येथे एक गोष्ट समजून घेणे उपयोगी ठरेल. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत 24 जण बसतात आणि दोन गाड्या आळीपाळीने सोडून दर दोन मिनिटांनी एक गाडी निघते. म्हणजे तासाला 720 माणसे बसतात. रांगेत 600 जण उभे असतील, तर शेवटच्याचा नंबर 50 मिनिटांत येईल. त्याच रांगेत दुरुस्तीसाठी एक गाडी काढून ठेवली, तर गाडी चार मिनिटांनी सुटेल, तासाला 360 जणच बसतील आणि शेवटच्या माणसाला 1 तास 40 मिनिटे उभे राहावे लागेल. तिकीट तेच, पण हाती येणारा दिवस जवळजवळ अर्धा. नवी राइड आणण्यापेक्षा ती दुसरी गाडी चालू ठेवणे पाहुण्याच्या दृष्टीने कितीतरी मोलाचे असते, मात्र जाहिरातीच्या फलकावर ती कधी दिसत नाही. बांधकाम चालू असताना तर पार्कचा एखादा भाग पत्रे लावून बंदही ठेवलेला असतो. अशा वेळी दर वाढणे दूरच, खरे तर तो थोडा उतरायला हवा.

आपल्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. पार्कच्या शहरात राहणारे कुटुंब वर्षातून दोनदा जाऊ शकते, त्यामुळे आज दिलेल्या जादा पैशांतून उद्या उभी राहणारी राइड त्याच्या वाट्याला येते. बेळगावहून बेंगळुरू सुमारे 500 किलोमीटर आणि खोपोली सुमारे 400 किलोमीटर. सीमाभागातील कुटुंबासाठी ही चार-पाच वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट असते. तोवर मुलगा दहावीत गेलेला असतो आणि सासूबाईंचे गुडघे त्या पायऱ्या चढू देत नाहीत. ज्या विस्ताराचा लाभ आपल्या वाट्याला येण्याची शक्यता इतकी कमी, त्याचे पैसे आपल्याकडून मागणे अन्यायाचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण बाजूला ठेवलेले पैसे वाया जाऊ नयेत, म्हणून एवढे करावे. सुट्टीच्या पहिल्या आठवड्याऐवजी मधल्या वारी, शक्य तर मंगळवारी किंवा बुधवारी जावे. जाण्यापूर्वी कोणत्या राइड्स बंद आहेत हे ईमेलवर लेखी विचारावे. सासूबाई पाण्यात किंवा राइडवर जाणार नसतील, तर त्यांच्या तिकिटात काही सवलत आहे का, हेही आधीच विचारावे. छापील दरात कर धरला आहे की नाही, हे नीट पाहावे. जानेवारी 2018 मध्ये या तिकिटांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे 1,000 रुपयांच्या मूळ तिकिटावर 180 रुपये करच असतो, आणि पाच जणांचा मिळून तो 900 रुपये होतो.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिक्षक आहे. सातवीची सहल थीम पार्कला न्यावी असा मुलांचा हट्ट आहे. वाढलेल्या दरामुळे वर्गणी इतकी होते की काही मुले येणार नाहीत हे आताच दिसते आहे. दर कमी होण्याची वाट पाहावी का?
— एक शिक्षक, खानापूर

उत्तर : गुरुजी, जाहीर झालेला दर उतरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. वाढलेले तिकीट क्वचितच खाली येते. मात्र शाळांसाठीचा दर जाहीर दरापेक्षा वेगळा असतो आणि त्याबाबत बोलणी करता येतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी पार्क अर्धे रिकामे असते. आपली चाळीस मुले आली म्हणून त्यांचा खर्च फारसा वाढत नाही, उलट उत्पन्न वाढते. ही गोष्ट त्यांनाही ठाऊक असते, म्हणून संकोच न करता मागावे. शाळेच्या पत्रावर विचारणा करावी, शिक्षकांची तिकिटे आणि जेवण दरात धरले आहे का ते लिहून घ्यावे, आणि ज्यांना वर्गणी जमत नाही अशा चार-पाच मुलांना विनामूल्य प्रवेश द्यावा अशी मागणी त्याच पत्रात करावी. अनेक ठिकाणी मुलांचे तिकीट वयाऐवजी उंचीवरून ठरते. सातवीतील मुले या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असतात, त्यामुळे सर्वांना एकच दर ठरवून घेतला नाही, तर दारात मापपट्टीपुढे हिशेब बिघडतो.

एवढे करूनही काही मुले मागे राहणार असतील, तर माझ्या मते ती सहल पार्कला नेऊ नये. सोमवारी वर्गात बाकीची मुले त्या राइड्सविषयी बोलत असताना मागे राहिलेली मुले काय ऐकत बसतील, याचा विचार आपण केलेला दिसतो, अन्यथा आपण हे पत्र लिहिले नसते.

प्रश्न : सरकार सिनेमाच्या तिकिटावर मर्यादा घालू शकते, तर थीम पार्कच्या तिकिटावर का नाही?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : कर्नाटक सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये सिनेमाच्या तिकिटाला कर वगळून 200 रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा अनेकांना आनंद झाला. परंतु त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्या नियमाला अंतरिम स्थगिती दिली. थीम पार्कच्या बाबतीत मी अशा मर्यादेची मागणी करणार नाही. उत्पन्नाला टाच लागली की मालक सर्वप्रथम जो खर्च कमी करतो तो डोळ्यांना न दिसणारा असतो, आणि राइडच्या बाबतीत तो देखभालीचा असतो. मला त्याऐवजी असा नियम हवा की त्या दिवशी कोणत्या राइड्स बंद आहेत, हे पैसे घेण्यापूर्वी तिकीट-खिडकीवर आणि ऑनलाइन तिकीट काढतानाही ठळकपणे सांगितले जावे.

तोवर ग्राहकाच्या हातात काहीच नाही असे मात्र नव्हे. जाहिरातीत दाखवलेल्या राइड्स बंद असल्या आणि ते आधी सांगितले गेले नसेल, तर ती सेवेतील त्रुटी म्हणून तक्रार करता येते. सुरुवात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून करावी. तेथे निवारण झाले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. म्हणजे पार्क बेंगळुरूला असो, चेन्नईला असो किंवा खोपोलीला, बेळगावच्या माणसाला बेळगावातच तक्रार नोंदवता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तिकीट, बंद राइडपुढील फलकाचे तारखेसह छायाचित्र आणि तिकीट काढताना पाहिलेल्या जाहिरातीची प्रत, एवढे जपून ठेवावे.