स्मरणसभेत इमारतीच्या भिंतीवर नावं आणि चेहरे प्रोजेक्टरने दाखवायचे आहेत. मांडणी कशी करावी?

प्रोजेक्टरचं नंतर बघू. आधी भिंत बघा, तीही सभेच्याच वेळेला, लक्समीटर (भिंतीवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारं यंत्र) घेऊन. 6 मीटर रुंद, 3.4 मीटर उंच चित्राचं क्षेत्रफळ साधारण 20 चौरस मीटर. 5000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा एकूण उजेड) प्रोजेक्टर त्यावर 250 लक्स देतो, पण हा हिशोब पूर्ण पांढऱ्या चित्राचा. चेहऱ्यावरच्या सावल्या, केस, डोळे याच्या दहाव्या हिश्श्याहूनही मंद असतात; भिंतीवर रस्त्याच्या दिव्याचा 20 लक्स उजेड असेल तर तेच आधी पुसले जातात. म्हणून जास्त ल्युमेनवर पैसे घालण्याआधी तो दिवा तेवढ्या वेळापुरता बंद करून मिळतो का, ते विचारा.

मेणबत्त्यांचाही उजेड धरा. एक मेणबत्ती एक मीटरवर जेमतेम 1 लक्स देते, पण 200 मेणबत्त्या 5 मीटरवर आल्या की 8 लक्सपर्यंत जातात. 10 मीटरवर तोच उजेड 2 लक्स. म्हणून पुढची रांग भिंतीपासून लांबच ठेवा.

भिंत फिकट आणि मॅट हवी; काचेवर चित्र उमटत नाही. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, 1.5 असेल तर 6 मीटर रुंदीसाठी अंतर 9 मीटर लागतं. किरण लोकांच्या डोक्यावरून जावेत म्हणून स्टँड किमान अडीच मीटर उंच, आणि पक्का बांधलेला. कीस्टोनने (तिरकं पडलेलं चित्र सॉफ्टवेअरने चौकोनी करण्याची सोय) चित्र सरळ होतं खरं, पण पिक्सेल वाया जाऊन अक्षरं भुरकट होतात. लेन्स शिफ्टवालाच मागा, म्हणजे प्रोजेक्टर न कलवता लेन्स सरकवून चित्र वर-खाली नेता येतं.

काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवा. प्रोजेक्टरचं काळं मात्र खरं काळं नसतं, करड्या चौकटीसारखं दिसतं. तिच्या कडा इमारतीच्या कडांशी जुळवल्या की खटकत नाहीत. 30 मीटरवरून वाचायला 15 सेंटीमीटरचं अक्षर कसंबसं चालतं, मी 25 धरतो, कारण अनुस्वार आणि रफार आधी हरवतात. एका नावाला 8 सेकंद दिले तर 200 नावांना सुमारे 27 मिनिटं लागतात. नावाचं लेखन आणि फोटोची परवानगी घरच्यांकडून लेखी घ्या.

ऐनवेळी दगा देते ती बहुधा केबल. साधी एचडीएमआय 15 मीटरपुढे भरवशाची नाही, फायबरची वापरा. लॅपटॉपचं स्लीप आणि नोटिफिकेशन बंद करा. पावसासाठी छत चालेल, पण हवेची वाट झाकलीत तर प्रोजेक्टर तापून बंद पडेल.

मेणबत्त्यांऐवजी एलईडी दिवे वाटणार असाल तर बटण सेलचं झाकण स्क्रूचंच हवं. मुलाने सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.