पाचगणीचा घाट चढताना इंजिन टकटक करतं, ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकू का?

तुमची गाडी २०१८ची, १.२ लिटरची, टर्बो नसलेली. साताऱ्याहून वाई-पाचगणी नेहमीचं जाणं, पसरणी घाटात तिसऱ्या गिअरला टकटक, आणि पंपावरच्या माणसानं प्रीमियम सुचवलंय. एवढ्यावरून तरी प्रीमियम नको. आधी गिअर उतरवा.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. ठिणगी पडल्यावर ज्वाळा पोचायच्या आत सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून भडकलं, की तो आवाज येतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल असं भडकायला नाखूश. नॉक सेन्सरला हे कळलं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो, त्यात पिकअप आणि मायलेज दोन्ही जातं. महाग पेट्रोलने भरून निघतं ते एवढंच. ज्या गाडीचा ईसीयू ठिणगी उशिरा पाडतच नाहीये, तिला १०० ऑक्टेन घातलं तरी हाती काही लागत नाही.

किती हवा ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आपल्याकडे हा आकडा ‘रॉन’ (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीचा, अमेरिकेत मोजायची पद्धत वेगळी. अमेरिकन व्हिडिओतला ८७ म्हणजे आपला साधारण ९१, त्यामुळे ते आकडे इथे लावू नका. टर्बो किंवा परदेशी गाडीवर ‘किमान ९५’ लिहिलं असेल तर मात्र तिथे काटकसर नको.

आता गंमत बघा. बीएस-६ चं साधं पेट्रोल ९१चं. त्यात २० टक्के इथेनॉल आल्यावर ते ९५ झालं, असं पेट्रोलियम मंत्रालयच सांगतं. म्हणजे ९५चं प्रीमियम घेऊन तुम्ही ऑक्टेन नाही, बहुतेक डिटर्जंटचे, म्हणजे इंजिन आतून साफ ठेवणाऱ्या रसायनाचे पैसे देताय. मायलेज थोडं घटलं असेल तर तेही याच इथेनॉलमुळे, कारण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतला माल आहे, कुणाला बोल लावणार! तुमची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे २० टक्के इथेनॉल धरून न बनवलेली आहे, तेव्हा सर्व्हिसिंगला इंधनाचे रबरी पाइप आणि सील तेवढे बघून घ्या.

घाटात १,५०० आरपीएमला तिसरा गिअर ठेवून पॅडल दाबलं, की सिलिंडर भरून हवा घेतो आणि मिश्रणाला भडकायला वेळही मिळतो. दुसरा टाका, २,५०० ते ३,५०० च्या दरम्यान ठेवा. बहुतेक वेळा आवाज तिथेच थांबतो. पेट्रोल थोडं जास्त जाईल, जाऊ दे. आणखी एक खूण सांगतो: पाचगणी साधारण १,३०० मीटरवर आहे, वर हवा विरळ, म्हणून नॉकिंग चढत जाताना कमी व्हायला हवं. वाईच्या बाजूला आणि वर टेबललँडजवळही आवाज तेवढाच असेल तर ते नॉकिंगच आहे का, अशी शंका घ्या.

गाडी उभी करून, न्यूट्रलला रेस दिल्यावरही खडखड येत असेल, तर बहुतेक सायलेन्सरवरचा पत्रा सैल असेल. नॉकिंग लोड असतानाच येतं, पॅडल सोडलं की लगेच जातं.

तरीही खात्री हवी असेल तर १०० ऑक्टेन एकदाच, तपासणीपुरतं वापरा. टाकीत आठेक लिटर उरलेलं असताना १५ लिटर घाला, मिश्रण साधारण ९८ होतं. वेगवेगळे ग्रेड मिसळल्याने इंजिनाला काही होत नाही. पन्नासेक किलोमीटर चालवा, म्हणजे ईसीयू जुळवून घेईल, मग त्याच वळणावर, त्याच गिअरला ऐका. आवाज गेला तर नॉकिंग खरं आहे. मग मेकॅनिकला कूलंटची पातळी, प्लगचा नंबर कंपनीने दिलेलाच आहे का, आणि पिस्टनवरचा कार्बन या क्रमाने बघायला सांगा. जरासुद्धा फरक पडला नाही, तर पेट्रोलचा विषय सोडा आणि टॅपेट, इंजिन माउंटिंग तपासून घ्या.