वाचकांचे प्रश्न : फुग्यात साडेअकराशे, बाटलीत दोन हजार

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे, उंची १४१ सेंमी. विज्ञान प्रकल्पासाठी तिने ‘फुफ्फुसांची क्षमता मोजणे’ हा विषय घेतला. एका दमात फुगा फुगवायचा, दोन पुस्तकांमध्ये धरून व्यास मोजायचा आणि गोलाच्या घनफळाचं सूत्र लावायचं, अशी कृती होती. व्यास १३ सेंमी आला, म्हणजे सुमारे ११५० मिलीलिटर. मग हौसेने पाण्याने भरून पाण्यातच उलट्या धरलेल्या बाटलीत नळीने फुंकायची पद्धत करून पाहिली, तर २००० आलं. आणि तिने वाचलंय की माणसाच्या फुफ्फुसांत सहा लिटर हवा मावते! पोरगी रडवेली झाली आहे. खरं सांगते, मीही रात्री दोनदा उठून तिचा श्वास ऐकला. तिच्या फुफ्फुसांत काही दोष असेल का? आणि वहीत कोणता आकडा लिहायचा?

उत्तर : आज रात्री निवांत झोपा. या उंचीच्या मुलीकडून दोन लिटरच्या आसपासच हवा यायची. तिच्या बाटलीने चांगलं काम केलंय.

निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं मी एका रुग्णालयाच्या स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुंकलेली हवा यंत्राने मोजायच्या चाचणीच्या, खोलीत लोकांना फुंकायला लावत होते. ‘फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!’ असं दिवसभर ओरडायचं. बाहेर बाकावर बसलेली माणसं हसायची आणि आत आली की त्यांचाही दम दोन सेकंदांत संपायचा. त्या खोलीत मी एकच गोष्ट शिकले. यंत्राला कळतं ते फक्त बाहेर आलेल्या हवेचं माप. आत किती होती, हे त्याला कधीच कळत नाही.

आधी त्या सहा लिटरचं पाहू. तो आकडा प्रौढ पुरुषाचा, आणि तोही छाती पूर्ण भरलेली असतानाचा. त्यातली लिटरभराहून जास्त हवा कितीही जोर लावला तरी बाहेर येत नाही. ती आत राहते म्हणूनच फुफ्फुसं मिटून जात नाहीत. ही उरलेली हवा मोजायला इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने स्वतः हायड्रोजन ओढून पाहिला होता. ते प्रयोग त्याने १८०० साली प्रसिद्ध केले. (मुलीला हे सांगा, पण ‘करून बघू का?’ म्हणाली तर नाही म्हणा.) आपण घरी मोजतो ती पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडलेली हवा. तिला व्हायटल कपॅसिटी म्हणतात. प्रकल्पाच्या शीर्षकात ‘फुफ्फुसांची क्षमता’ ऐवजी ‘एका श्वासात सोडता येणारी हवा’ असं लिहिलं तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आता फुगा. मला फुग्याचा राग आहे, हे आधीच कबूल करते. नवा फुगा सुरुवातीलाच सगळ्यात जास्त अडून बसतो. त्या वेळी मूल छातीने नाही, गालांनी फुंकतं आणि दम लागला की सोडून देतं. तोंड बांधताना थोडी हवा निसटते. फुगा गोलही नसतो, देठाकडे निमुळता असतो, आणि आपण त्याला गोलाचं सूत्र लावतो. त्यात भर म्हणजे त्या सूत्रात त्रिज्येचा घन आहे. तुमचा व्यास १३ ऐवजी १४ सेंमी आला असता तर उत्तर ११५० वरून थेट १४३७ झालं असतं. एका सेंटिमीटरने पावणेतीनशेहून अधिक मिलीलिटर! दोन पुस्तकांत फुगा धरताना तो जरा दाबला गेला की झालं.

फुगा ठेवायचाच असेल तर आधी तो चार-पाचदा फुगवून सैल करा. व्यासाचा नाद सोडा आणि पोटाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. घेराचा घन करून त्याला ५९.२ ने भागलं की मिलीलिटर मिळतात. घेर ४१ सेंमी तर सुमारे ११६५, ४२ तर सुमारे १२५०. इथे एका सेंटिमीटरची चूक नव्वदच्या आतच राहते. मोजणारा तोच, फुगा तोच, फक्त मोजायची जागा बदलली. प्रकल्पात हे गणित मांडलं तर परीक्षक तिथे नक्की थांबतील.

बाटलीची पद्धत जुनी आणि खानदानी आहे. १८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्लिश शल्यचिकित्सकाने पाण्यावर उलटं तरंगणारं भांडं वापरून स्पायरोमीटर बनवला आणि दोन हजारांहून अधिक लोकांना त्यात फुंकायला लावलं. ‘व्हायटल कपॅसिटी’ हे नावही त्याचंच. तुमच्या मुलीची बाटली त्या यंत्राची नातच म्हणायची. नळी बोटाएवढी जाड घ्या, बारीक नळीतून श्वास संपेपर्यंत फुंकवत नाही. नाक चिमटीत धरायचं. बाटलीवर खुणा करत बसू नका. फुंकून झाल्यावर पाण्यातच तिचं तोंड झाकून ती सरळ करा आणि मापाच्या भांड्याने काठोकाठ भरा. जितकं पाणी लागलं तितकी हवा.

बाटलीही थोडं कमीच दाखवते. छातीतली हवा ३७ अंशांची आणि दमट असते. पाण्यावर येऊन ती निवते, तिच्यातली वाफ कमी होते आणि ती आक्रसते. पाणी आणि खोली २५ अंशांवर असतील तर खरा आकडा वाचलेल्यापेक्षा साधारण साडेसात टक्के जास्त, म्हणजे तुमचे २००० हे खरे २१५०. वहीत बाटलीचा आकडा लिहा, त्याखाली ही दुरुस्ती लिहा, आणि फुग्याचा आकडा खोडू नका. दोन पद्धतींत एवढा फरक का पडला, हाच खरा प्रकल्प आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने तीनदा फुंकलं : १.६, १.९ आणि २.० लिटर. शाळेत सरासरी काढायला सांगितली आहे. तो म्हणतो सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. मला वाटतं, त्याला फुशारकी मारायची आहे.

उत्तर : फुशारकी असेलही, पण मुलगा बरोबर आहे!

दोरीची लांबी तीनदा मोजली तर चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. म्हणून सरासरी काढतात. इथे चुका एकाच बाजूला जातात. श्वास अर्धवट घेतला, ओठ सैल राहिले, हसू आलं, लवकर थांबला, की आकडा कमीच होतो. छातीत नसलेली हवा जास्तीची फुंकता येत नाही. (नळीतून फुंकता फुंकता नाकाने पुन्हा श्वास घेतला तर येते, म्हणून ती चिमटी.) सरासरी १.८३ येते, म्हणजे त्या १.६ च्या वेळच्या आळसाचा दंड मुलाच्या फुफ्फुसांनी भरायचा! स्पायरोमेट्रीतही निदान तीन चांगले प्रयत्न घेतात आणि सगळ्यात मोठा धरतात. मात्र वरचे दोन आकडे एकमेकांपासून १५० मिलीलिटरच्या आत असावे लागतात. तुमच्या मुलाचे १.९ आणि २.० त्यात बसतात. तक्त्यात तिन्ही आकडे दाखवायचे, निष्कर्षात २.० घ्यायचा आणि कारण एका ओळीत लिहायचं. सरांना हे उत्तर वाचून दाखवायला माझी हरकत नाही, पण त्यांनी सरासरीच हवी म्हटलं तर तीही शेजारच्या रकान्यात लिहा. गुणांवरून भांडू नका.

दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर बसू द्या. सलग फुंकलं की चक्कर येते. नळीचं तोंडात धरायचं टोक प्रत्येकाचं वेगळं, आणि नळीतून श्वास आत ओढायचा नाही, पाणी तोंडात येतं.

प्रश्न : नातीच्या प्रकल्पात मीही फुंकणार आहे. तिला हरवणारच! वय ७१. गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बाकी ठणठणीत.

उत्तर : आजोबा, थांबा. जोर लावून फुंकताना डोळ्यांतला दाब वाढतो. डोळ्यांच्या, छातीच्या किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर, तसंच हार्ट अटॅक येऊन गेल्यावर ही चाचणी आम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करत नसू. तुम्हीही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. तोवर तुम्ही नातीची दोरी धरा, आकडे लिहून घ्या.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला दमा आहे, पंप घेतो. माझा आकडा वर्गात दुसरा आला. म्हणजे माझा दमा गेला का? आणि पहिला आलेला मुलगा पोहतो, म्हणून त्याची फुफ्फुसं मोठी आहेत का?

उत्तर : नाही रे राजा, पंप चालू ठेव. दम्यात मुख्य अडचण हवा किती मावते याची नसते, ती किती वेगाने बाहेर येते याची असते. म्हणून आम्ही पहिल्या एका सेकंदात किती हवा आली ते वेगळं मोजायचो. तुझ्या बाटलीला घड्याळ नाही. तू सावकाश, पण पूर्ण फुंकलंस आणि दुसरा आलास. खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज सुरू झाला तर मात्र फुंकणं बंद कर आणि मोठ्यांना सांग.

त्या पोहणाऱ्या मुलाला आधी भिंतीला उभं करून त्याची उंची मोज. हचिन्सनला पाच ते सहा फूट उंचीच्या माणसांत दर इंचामागे सुमारे १३० मिलीलिटर जास्त हवा मिळाली होती. पोहणाऱ्यांचे आकडे बरेचदा मोठे येतात हे खरं, पण तो वर्गात सगळ्यात उंच असेल तर श्रेय पोहण्याला द्यायची घाई कशाला? आडव्या अक्षावर उंची, उभ्यावर लिटर, वर्गातल्या प्रत्येकाचा एक ठिपका. जमलं तर प्रत्येकाला उभं राहून एकदा आणि झोपून एकदा फुंकायला लाव. झोपल्यावर पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं आणि आकडा उतरतो. तक्ता झाला की मला पाठव.