वाचक विचारतात: धरणाच्या काठावर, कुत्र्यांसकट

प्रश्न: मे महिन्यात मुलांना सुट्टी आहे म्हणून दोन दिवस पवना धरणाकडे जायचं चाललंय. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई (गुडघे दुखतात), ब्रुनो म्हणजे आमचा लॅब (लॅब्रॅडॉर) आणि बंड्या, सोसायटीतून घरात आलेला गावठी. हे म्हणतात कुत्र्यांना बोर्डिंगला ठेवू, उन्हात हाल होतील. मुलं म्हणतात मग आम्ही पण येत नाही. काय करू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: न्या की खुशाल. फक्त दिवस कुत्र्यांच्या सोयीने लावा, कारण उन्हाचं गणित त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. बहुतेक लोक काय करतात, नाश्ता, आंघोळी, आवराआवर करून अकराला निघतात, भर दुपारी पोचतात, सामान उतरवता उतरवता सगळ्यांची भांडणं होतात आणि कुत्रं बिचारं जीभ लोंबवत कुणाच्या तरी पायात. त्यापेक्षा पहाटे पाचला निघा, कामशेतवरून सातच्या आसपास तुम्ही पाण्यापाशी असाल. नऊ-साडेनऊपर्यंत काठावर, मग थेट पाचपर्यंत सावलीत, आणि या मधल्या वेळात काही म्हणजे काही करायचं नाही. पत्ते, आंबे, झोप. मुलं तासभर कुरकुर करतील, करू द्या, नंतर आपोआप काहीतरी शोधतात.

तंबू मात्र माझ्या मते मे महिन्यात नकोच. फोटोत छान दिसतो, पण दुपारी आत भट्टी होते आणि सासूबाईंना खाली बसून उठायचं म्हणजे शिक्षाच. पडवी असलेलं गावातलं घर बघा, अंगणात आंब्याचं नाहीतर फणसाचं झाड असेल तर बेस्ट. बुकिंग करताना ‘पेट चालतात का’ एवढंच विचारू नका, रात्री कुत्रे खोलीत झोपणार की बाहेर बांधावे लागणार हे स्पष्ट विचारा, नाहीतर तिथे गेल्यावर वाद होतो. आणि गाडीत दोघांना ‘पाच मिनिटं’ म्हणून ठेवून कुणी पाणी-बिस्किटं आणायला जाऊ नका, काचा थोड्या खाली असल्या तरी नाही. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत पारा दहा-एक अंशांनी चढतो.

आता पवनेचं उन्हाळ्यातलं रूप सांगते, कारण पावसाळ्यातले फोटो बघून गेलात तर हिरमोड होईल. पाणी बरंच खाली गेलेलं असतं, वाघेश्वराचं जुनं देऊळ जे एरवी पाण्याखाली असतं ते उघडं पडतं, समोर तुंग आणि तिकोना करपलेले दिसतात. मला स्वतःला हे रूप जास्त आवडतं, काठ मोकळा मिळतो. रस्त्यात करवंदं, जांभळं मिळाली तर जरूर घ्या. पण उघड्या पडलेल्या गाळावर मुलांना आणि कुत्र्यांना पळायला सोडू नका, वरून भेगा पडून वाळलेला वाटतो आणि आत पाय रुततो.

पाण्यात माणसांनी उतरायचं नाही. पोहता येत असलं तरी नाही. दर उन्हाळ्यात तिथल्या बुडण्याच्या बातम्या येतात, आणि कारण साधं आहे, तो काही स्विमिंग पूल नाही, खाली जुनी शेतं, ओढे, उतार आहेत, गुडघाभर पाण्यातून पुढच्या पावलाला तळच लागत नाही. ब्रुनोला खेळायचं असेल तर आठ-दहा मीटरची दोरी हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला, गळ्यातल्या नाही) बांधून काठाशी खेळवा. आणि घरातल्या सगळ्यांना आधीच बजावून ठेवा, कुत्रा आत गेला तरी त्याच्या मागे कुणीही उडी मारायची नाही. कुत्रा बऱ्याचदा बाहेर येतो, मागे गेलेला माणूस येत नाही.

बंड्याचं काय, तर गावातले कुत्रे आणि गुरं दिसली की तो हुशारी दाखवणार, म्हणून तो कायम लीशवर.

प्रश्न: आमचा पग उन्हाळ्यात तळ्यात उतरतो. कुत्र्यांना पोहता येतंच ना? आणि ऊन लागलं तर कसं ओळखायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: सगळ्यांना नाही येत. पगचं डोकं जड, पाय आखूड, नाक चपटं, तो नाक पाण्यावर धरता धरताच दमतो. लाईफ जॅकेट घाला, आणि पाणी त्याच्या पोटापर्यंतच. उन्हाचा त्रासही यांनाच सगळ्यात आधी होतो, कारण कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि पगला धाप टाकायलाच वाट अरुंद.

धाप थांबतच नाही, लाळ घट्ट आणि चिकट, हिरड्या लालभडक, चाल लडखडती, उलटी, यातलं काही दिसलं की सावलीत न्या, साध्या गार पाण्याने पूर्ण भिजवा, पंखा नाहीतर पुठ्ठ्याने वारा घाला, आणि मग एसी लावून डॉक्टरकडे. आधी गार करणं, मग गाडी, हा क्रम लक्षात ठेवा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. तोंडात पाणी ओतू नका, स्वतः प्यायला तर पिऊ दे. आणि उन्हाळा म्हणून लॅब, हस्कीसारख्यांचे केस पार भादरून टाकतात तेही नको, ती केसांची चादर उन्हापासून वाचवते सुद्धा.

प्रश्न: पाण्यावर काठाला हिरवट तवंग होता, कुत्री तेच पाणी प्यायली. काही होईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: होऊ शकतं. उन्हाळ्यात साचलेल्या कोमट पाण्यावर हिरवा-निळसर रंग सांडल्यासारखा थर येतो, त्यातलं काही शेवाळ विषारी असतं, यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर जातं, आणि त्यावर ठराविक उतारा नाही. नुसतं बघून विषारी कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून असा थर दिसला की त्या काठाला जायचंच नाही. कुत्री उतरली असेल तर अंग चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा. उलट्या, थरथर, तोल जाणं, यातलं काही दिसलं की वाट बघत बसू नका. पिण्याचं पाणी घरून कॅनमध्ये न्या, दर अर्ध्या तासाने वाटीत द्या, मग ती तळ्यात कमी तोंड घालते.

शिवाय साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) येतो, तो माणसांनाही होतो. कुत्र्याला पहिल्यांदा देताना त्याच्या लसीचे दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने असतात, म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन उपयोग नाही. परत आल्यावर कान कोरडे करा आणि बोटांच्या मध्ये, कानामागे, काखेत गोचीड शोधा.

प्रश्न: दिवसभर पाण्यात बॉल आणून दिला, दुसऱ्या दिवशी लॅबची शेपटी लुळी. शेजारी म्हणतात मोडली. – एक वाचक, ठाणे

उत्तर: मोडली असण्यापेक्षा शेपटीचे स्नायू आंबले असण्याची शक्यता जास्त. लॅबमध्ये हे कॉमन आहे, पोहताना शेपटीचं सुकाणू करतात ना. दाखवून मात्र घ्या. बहुतेक वेळा काही दिवसांच्या विश्रांतीने बरी होते. घरातलं पॅरासिटामॉल, ब्रुफेन अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ते विषासारखं आहे. पुढच्या वेळी दहा मिनिटं बॉल, मग तेवढीच सुट्टी, कारण बॉलबरोबर पोटात जाणारं पाणीही अति झालं तर रक्तातलं मीठ उतरतं.

प्रश्न: आंब्याची कोय कुत्र्याने गिळली तर? – तेच चिंचवडकर

उत्तर: डॉक्टरला लगेच फोन. कोय आतड्यात अडकते आणि मग ऑपरेशन. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. पडवीत कोयांसाठी झाकणाचा डबा ठेवा, आणि सासूबाईंना सांगा ब्रुनो कितीही गोड बघत असला तरी कोय चाटायला द्यायची नाही. त्याच ऐकणार नाहीत, मला माहितेय, तर डबा तुमच्याकडेच ठेवा.