वाड्याच्या लाकडी प्रतिकृतीसाठी कोणता गोंद घ्यावा?

पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागाची दीड फुटी प्रतिकृती आपण करीत आहात. त्यासाठी भिंतींना बाल्साच्या (अगदी हलक्या, मऊ लाकडाच्या) पट्ट्या, खांबांना साग आणि खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक आणले आहे. बोहरी आळीतल्या तीन दुकानदारांनी फेविकॉल, फेविक्विक आणि अ‍ॅराल्डाइट अशी तीन निरनिराळी नावे सांगितल्याने आपला गोंधळ झाला आहे. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, कारण गोंद लाकूड पाहून ठरत नाही, सांधा पाहून ठरतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना किती नीट टेकतात, ते किती वेळ दाबून धरता येतील आणि त्यावर पुढे पॉलिश होणार आहे का, एवढे पाहिले की निवड सोपी होते.

जिथे लाकूड लाकडाला सपाट टेकते आणि चिमटा लावायला जागा आहे, तिथे पांढरा फेविकॉल, त्यातही सुतार वापरतात तो एसएच, हाच घ्यावा. मुलांच्या हस्तकलेसाठी मिळणारी एमआरची बाटली कागदाला ठीक आहे. फेविकॉलमधले पाणी लाकडात शिरते, उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट पदार्थ तंतूंना धरून ठेवतो. म्हणून थर पातळ हवा आणि दाब सलग हवा. अर्धा-पाऊण तास चिमट्यात धरले तरी पूर्ण बळ यायला एक दिवस जातो, आणि पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत त्याहूनही अधिक. कपडे वाळत घालायचे चिमटे, रबरबँड आणि मास्किंग टेप एवढ्यावर माझी बरीचशी कामे झाली आहेत. हाच गोंद बाल्साच्या रुंद पट्टीच्या एकाच बाजूला भरपूर फासला, तर ती बाजू पाणी पिऊन फुगते आणि पट्टी पापडासारखी वळते. अशी पट्टी प्लायच्या पाटावर चिकटवायची असेल, तर पाण्याऐवजी द्रावक असलेला पिवळसर फेविकॉल एसआर पट्टी आणि पाट या दोन्हींच्या टेकणाऱ्या बाजूंना लावावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे आणि मग नेमके जागेवर ठेवावे, कारण एकदा टेकल्यावर तो सरकवू देत नाही. त्या वेळी खिडकी उघडी ठेवावी.

फेविक्विक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तो वाळत नाही, तर पृष्ठभागावरच्या आणि हवेतल्या किंचित ओलाव्यामुळे घट्ट होतो. बोटांनी काही सेकंदच धरता येईल अशा इवल्या तुकड्यांना, उदाहरणार्थ मेघडंबरीच्या (वाड्याच्या दर्शनी सज्जाच्या) नक्षीच्या टोकांना, त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही. मात्र तो ठिसूळ असतो, आणि हे मी स्वतःच्या घाईमुळे शिकलो. गणेशोत्सवात सोसायटीत मांडायच्या पहिल्या प्रतिकृतीत मी वेळ वाचवण्यासाठी सगळा सज्जा अशा झटपट गोंदाने जोडला होता. रिक्षातून नेताना एका गतिरोधकावर तो अख्खा सुटून मांडीवर पडला. तुटलेल्या जागी लाकडाचा एकही तंतू निघालेला नव्हता. एका बाजूला काचेसारखी चकचकीत पापडी तेवढी राहिली होती. शिवाय या गोंदाची वाफ खिडक्यांच्या प्लास्टिकवर बसून ते पिठूळ पांढरे झाले होते, ते वेगळेच. आणखी एक सावधगिरी म्हणजे सांडलेला सायनोअ‍ॅक्रिलेट कापसाने किंवा सुती फडक्याने कधीही पुसू नये. सुताशी त्याची क्रिया इतकी तापते की चटका बसतो. बोटे चिकटली तर ओढू नयेत, अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरने हळूहळू सोडवावीत.

अ‍ॅराल्डाइट इपॉक्सी आहे. राळ आणि तिला कठीण करणारा दुसरा पदार्थ पाकिटावर दिलेल्या प्रमाणात मिसळावे लागतात, आणि प्रमाण चुकले तर मिश्रण चिकटच राहते. सांध्यात फट राहिली असेल किंवा लाकडाला पितळेची कडी, बिजागरी असे काही जोडायचे असेल तरच त्याकडे वळावे, कारण फट भरूनही त्याचे बळ कमी होत नाही. फेविकॉलला ही फट भरणे जमत नाही. तिथे तो आकसतो.

आता आपले सुरूच्या आकाराचे खांब. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. साग तेलकट असतो, म्हणून ज्या दिवशी चिकटवायचे त्याच दिवशी पॉलिशपेपरने हलके घासून, थिनरने पुसून आणि थिनर उडू देऊन मगच गोंद लावावा. शिवाय खांब पाटावर उभा राहतो तो तंतूंच्या उघड्या टोकांवर, आणि ही टोके गोंद नळीसारखी शोषून घेतात, त्यामुळे सांध्यात काही उरतच नाही. आधी थोडे पाणी घातलेला फेविकॉल त्या टोकाला लावून वाळू द्यावा, मग दुसरा हात घट्ट फेविकॉलचा द्यावा. त्यातही मला नुसत्या गोंदावर भरवसा वाटत नाही. खांबाच्या बुडात आणि पाटात बारीक भोक पाडून बांबूच्या दातकोरणीचा तुकडा खुंटी म्हणून बसवला, तर खांब धक्क्यालाही हलत नाही. मूळ वाडा बांधणाऱ्यांनीसुद्धा लाकडाचे सांधे कूस (पुढे काढलेले टोक) आणि ती बसणारी खाच यांच्या जोरावरच उभे केले होते.

पॉलिश करायचे असेल तर सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच चोळू नये. तो पातळ होऊन आजूबाजूच्या तंतूंत शिरतो आणि तिथे पॉलिश घेत नाही, फिकट डाग राहतो. थोडा थांबून तो रबरासारखा झाला की पटाशीच्या धारेने किंवा कटरने अलगद उचलावा. खिडक्यांचे प्लास्टिक मात्र सगळ्यांत शेवटी, पॉलिश पूर्ण वाळल्यावर, आतल्या बाजूने कडेला फेविकॉलचे चार बारीक ठिपके देऊन बसवावे. त्यांच्यावर काही भार नसतो, आणि एखादी खिडकी तडकली तर ती नखाने सोडवून बदलताही येते.