बी ग्रुपची मुलगी आणि गच्चीवरचा निळा रंग

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं : "मुलगी बारावी सायन्सला, बी ग्रुप, म्हणजे गणिताऐवजी बायोलॉजी. नीटसाठी बायोलॉजी घ्यायला लावली ती आम्हीच. आता म्हणते, डॉक्टर नाही व्हायचं, सोलर पॅनेलचं मटेरिअल शोधणारी केमिस्ट व्हायचंय. तिचे बाबा नंदेसरीला केमिकल कंपनीत आहेत. ते म्हणतात, केमिस्ट म्हणजे तीन पाळ्यांत रिअ‍ॅक्टरपाशी उभं राहणं. सासूबाईंना वाटतं, औषधाचं दुकान. गणित नसताना हे जमेल का? आणि कमवायला कधी लागेल?"

ताई, नमस्कार.

आधी सासूबाईंचं. बडोद्यात राहून असं वाटावं याची गंमत वाटली. बडोदा कॉलेजात रसायन शिकवणारे त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन उभं केलं. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिक काढली. कोटिभास्कर हे नाव तरी दांडिया बाजारात परकं वाटायला नको. दुकानात येण्याआधी औषध कुणीतरी बनवावं लागतं, एवढं सांगा, त्या ऐकतील.

बाबांचं म्हणणं मात्र खोटं नाही. केमिस्ट म्हणवणारे बरेच जण पाळ्याच करतात. पण तुमची लेक म्हणतेय ते काम वेगळं आहे, आणि ते बाबांनाच सगळ्यात लवकर समजेल. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर जाल तेव्हा शेजारचं पॅनेल नीट बघा. पॅनेल बनतं सिलिकॉनचं, पण तो निळसर रंग सिलिकॉनचा नव्हे. सिलिकॉन करडं, चकचकीत. नुसतं ठेवलं तर पडलेल्या उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा परत फेकतं. म्हणून आधी ते कॉस्टिकच्या गरम द्रावणात बुडवून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे पिरॅमिड उठवतात, मग वर सिलिकॉन नायट्राइडचा थर देतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. निळा रंग त्या थराचा. त्याची जाडी किती असावी, तो कसा चढवावा, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यात केमिस्ट होते.

आता संशोधन कुठे आहे? सिलिकॉन एकटं असेल तर उजेडाची वीज करण्यात त्याची मजल सिद्धांतानेच साधारण २९ टक्क्यांपाशी संपते. म्हणून त्याच्या डोक्यावर दुसरा पदार्थ चढवायची खटपट चालू आहे. त्यातला सगळ्यात गाजणारा म्हणजे पेरोव्हस्काइट. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने त्याचा पहिला सेल केला, कार्यक्षमता ३.८ टक्के. आज प्रयोगशाळेत ती २६ च्या पुढे आहे आणि सिलिकॉनवर चढवून ३४ च्या पुढे.

हे आकडे वाचून मुलं भारावतात. रोजचं काम कसं असतं ते मात्र कुणी सांगत नाही. लेड आयोडाइडची पिवळी पूड तोलायची, दुसऱ्या एका क्षारासोबत द्रावकात विरघळवायची, काचेवर थेंब टाकून काच मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी गरगर फिरवायची. फिरत असतानाच, ठरलेल्या सेकंदाला, दुसऱ्या द्रावकाची धार सोडायची. मग काच १०० अंशांच्या तव्यावर. थर डोळ्यांदेखत काळपट होतो. फार देखणं दृश्य असतं ते. आणि हवेतली ओल लागली की तोच थर काही दिवसांत पुन्हा पिवळा पडतो. बडोद्याचा जुलै आठवा. म्हणून हे सगळं नायट्रोजन भरलेल्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून करावं लागतं. शिसं विषारी, त्यामुळे शिस्त कडक. सिलिकॉनच्या पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते. हा नवा पदार्थ ८५ अंश तापमानात आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास टिकवतानाच भल्याभल्यांची दमछाक होते. दहा काचा केल्या तर तीन बऱ्या निघतात, आणि त्या तीनच का, हे शोधण्यात वर्ष जातं. ज्याला हा 'का' छळतो त्याने इकडे यावं. पर्यावरणाची कळकळ चांगली, पण तेवढ्यावर पाच वर्षं निघत नाहीत.

गणिताचं सांगतो. दार बंद नाही. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेला बायोलॉजीवाली मुलं बसू शकतात. ६० प्रश्न असतात, चारही विषयांचे १५-१५, म्हणजे गणिताचे १५ तिला सोडवावे लागतील. नाही जमलं तरी आपल्या सयाजीराव विद्यापीठात बीएस्सी केमिस्ट्री आहेच. खरी अडचण पुढे येते. एमएस्सीसाठीच्या जॅम परीक्षेत रसायनाच्या पेपरातही कलन, सदिश, सारणिक असतात, आणि काही संस्था बारावीचं गणित मागतात. तिथे अर्ज करण्याआधी पात्रतेची अट वाचायची. तेव्हा ए ग्रुपची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं या सुट्टीतच आणा. शिकवणी लावायची असेल तर नीटऐवजी गणिताला लावा, असं मी उघड सांगतो, तुम्हाला राग आला तरी.

'सोलर' नाव लावलेला पदवी अभ्यासक्रम मात्र सतराव्या वर्षी घेऊ नये, हे माझं ठाम मत. सोलर हा उपयोग झाला. विषय आहे घन पदार्थांचं रसायन. तो पक्का असेल तर उद्या तीच मुलगी बॅटरीवर किंवा एलईडीवर काम करू शकते. बाबांच्या मनात केमिकल इंजिनीअरिंग असेल, पण ती वाट बी ग्रुपमधून सरळ जात नाही, म्हणून तो वाद इथेच सोडू.

पैशांचं. बीएस्सी-एमएस्सीची पाच वर्षं, पीएचडीची साधारण पाच. म्हणजे अठ्ठाविशी. एवढी सगळी वर्षं घरून पैसे लागतीलच असं मात्र नाही. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञान घेतलं तर इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची पाठ्यवृत्ती, मिळाली की पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. वयाची अट ३०, मुलींना पाच वर्षांची सूट. पीएचडीसाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), भावनगरची मीठ व सागरी रसायनांची राष्ट्रीय संस्था, आयआयटी मुंबई, हे सगळं रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यात. एमएस्सीवर थांबली तर गुजरातेतल्या पॅनेलच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीची कामं आहेत. ती नोकरी वाईट नाही, पण तिथे मटेरिअल शोधायचं नसतं, आलेलं तपासायचं असतं. हा फरक तिला आत्ताच सांगून ठेवा.

आता एक काम. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पावशेर तुरटी आणा. दहा बरण्यांत गरम पाण्याची संपृक्त द्रावणं करायला सांगा आणि प्रत्येक बरणीत एकच गोष्ट बदलायची : एक फ्रिजमध्ये, एक कापडात गुंडाळून, एकात दोरा, एकात चिमूटभर मीठ. पेरोव्हस्काइटच्या थरातही झगडा हाच असतो, स्फटिक किती भराभर धरतो याचा. दोन आठवडे तुम्ही काही बोलू नका, फक्त तिने वही ठेवलीय का ते बघा, आणि बिघडलेल्या बरण्या त्यात लिहिल्यात का तेही. मग ती वही घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. मार्कशीट आणायची गरज नाही.