मृदा मालिका म्हणजे मातीची ओळ नव्हे

प्रश्न असा आहे : मृदा सर्वेक्षणाच्या अहवालात 'मृदा मालिका' असा शब्द येतो. टेकडीवरून खाली येताना एकामागून एक लागणाऱ्या मातीच्या पट्ट्यांना मालिका म्हणतात का? आणि 'माती' असताना 'मृदा' कशाला?

मालिका म्हटले की ओळ डोळ्यांपुढे येते, तेव्हा हा समज होणारच. पण उतारावरच्या त्या ओळीला वेगळे नाव आहे. माथ्यावर उथळ, मुरमाड जमीन. बारीक कण पाण्याबरोबर खाली जातात, म्हणून पायथ्याशी खोल आणि चिकण. हा क्रम पूर्व आफ्रिकेत जेफ्री मिल्न यांनी १९३०च्या दशकात मांडला आणि त्याला लॅटिनमधले 'कॅटेना', म्हणजे साखळी, हे नाव दिले. मराठीत मी त्याला सरळ 'मृदा साखळी' म्हणेन.

मालिका ही वर्गीकरणातली पायरी. अमेरिकी पद्धतीत वरून खाली सहा पायऱ्या आहेत आणि मालिका सगळ्यांत खालची, म्हणजे सगळ्यांत नेमकी. खड्डा खणून उभा छेद पाहिला की थरांचा क्रम, जाडी, रंग, पोत आणि खालचा मूळ खडक ठरावीक मर्यादेत जुळणाऱ्या मृदा एका मालिकेत बसतात. नाव बहुधा जिथे ती प्रथम नोंदली त्या गावाचे किंवा नदीचे. त्यामुळे एका गावाच्या नावाची मालिका दूरच्या दुसऱ्या गावातही सापडते; त्यात चूक काही नाही.

मग 'मालिका' का? अमेरिकेत १८९९मध्ये सर्वेक्षण सुरू झाले. पुढे लवकरच एकाच मूळ द्रव्यापासून झालेल्या, पण पोत वाळूपासून चिकणमातीपर्यंत बदलत जाणाऱ्या मृदा एका नावाखाली घेऊ लागले. ती खरोखरच मालिका होती. नंतर व्याख्या आवळत गेली, ओळ संपली, शब्द तेवढा राहिला. आपण त्या इंग्रजी 'सीरीज'चे शब्दशः भाषांतर केले आणि गोंधळही सोबत आणला.

वरच्या पायऱ्यांची नावे मात्र शब्दवेड्यांसाठी मेजवानी आहे. 'हॅप्लस्टर्ट' हे अशाच एका मृदागटाचे नाव शेवटाकडून वाचायचे. 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, सगळ्यांत वरच्या पायरीवरचा एक वर्ग. मूळ लॅटिन धातूचा अर्थ उलटणे. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, वरची माती भेगांत पडते आणि जमीन आतल्या आत घुसळली जाते. 'अस्ट' हा ओलाव्याचा खुणेचा शब्द, 'जळलेला' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून : ओल मर्यादित, पण पिकाच्या हंगामात मिळणारी. 'हॅप्ल' ग्रीक, म्हणजे साधा. चक्क तत्पुरुष! प्रधान पद शेवटी, विशेषणे पुढे.

आता नकाशा. त्यावरचा रंगीत तुकडा म्हणजे एक मालिका, असेही समजू नये. त्याला 'नकाशा एकक' म्हणतात. १ : ५०,००० प्रमाणात एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर, एवढ्या जागेत दुसरी मृदा घुसलेली असतेच. सर्वेक्षक उतार, झाडोरा, उपग्रहचित्र पाहून रेघ ओढतो आणि गिरमिटाने ठिकठिकाणी पडताळतो. रेघ हा अनुमानाचा भाग. ज्या मालिकेचा वाटा मोठा, तिचे नाव तुकड्याला. दोन मृदा इतक्या गुंतलेल्या असल्या, की मोठ्या प्रमाणाच्या, म्हणजे अधिक तपशिलाच्या नकाशावरही वेगळ्या काढता येत नाहीत, तर दोघींची नावे देऊन त्याला 'संकुल' म्हणतात.

राहिला 'मृदा'. माती हे बोलण्यात पदार्थवाचक नाम. 'मात्या' असे अनेकवचन व्याकरणाने होईल, पण कुणी म्हणत नाही. वर्गीकरणाला मोजता येणारे नाम लागते : एक मृदा, दोन मृदा. शेतकऱ्याने ही अडचण कधीच सोडवली आहे. तो 'जमीन' म्हणतो. भारी, मध्यम, हलकी, चोपण, अशा कितीही जमिनी. लेख शास्त्रीय नसेल, तर मीही तेच लिहीन.